डोळे दिपले की कार्ड काढा

गेल्या दसऱ्याला ५५ इंची टीव्ही घेतला. तेव्हापासून पिक्चर क्वालिटी कशी पारखावी यावर माझा इतका अभ्यास झालाय की तो फुकट वाटावा म्हणतो. घ्या.

टीव्ही बघायला भर झगमगाटातल्या शोरूममध्येच जायचं. तिथे काळा खरंच काळा दिसतो का राखाडी, हे कळायची सोयच नसते, म्हणजे ते एक टेन्शन मिटलं. डेमोमध्ये पोपट, स्ट्रॉबेरी आणि ओघळणारा मध असतो, तो तोंड उघडं ठेवून बघायचा. आपल्या घरी तरी दुसरं काय चालतं, सातला आई पोपट लावते, साडेसातला स्ट्रॉबेरी.

स्वतःचा पेनड्राइव्ह नेऊ नका, सेल्समनला वाईट वाटतं.

'सर, एलसीडी गेलं, आता एलईडी' असं तो म्हणाला की मान हलवा. पडदा एलसीडीचाच, मागचा लाइट तेवढा एलईडीचा, आणि क्यूएलईडीतही तेच, असलं काही बोलून त्याचा मूड घालवू नका.

पॅनल, म्हणजे पडदा, आयपीएस जातीचा का व्हीए, हेही विचारायला नको. आयपीएस बाजूने बरं दिसतं पण कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ) साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ च्या पुढे, पण खोक्यावर दहा लाखाला एक लिहिलंय ना, मग झालं.

आणि एचडीआरचा, म्हणजे उजेड जास्त उजळ आणि काळोख जास्त गडद दाखवण्याचा, स्टिकर! तो बघून तर लगेच कार्ड काढायचं. मी काढलं. आता सिनेमे बरेचदा १००० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) हिशोबाने बनवतात आणि आमचा पडदा जेमतेम अडीच-तीनशेचा, लोकल डिमिंग, म्हणजे काळ्या भागापुरता मागचा लाइट मंद करायची सोय, नाही, म्हणजे टीव्हीला एचडीआर सिग्नल कळतो पण झेपत नाही, पहिल्याच रात्री सिनेमा लावला तर बाबा म्हणाले, लोडशेडिंगचा सीन आहे का रे? हिरो काळोख्या जंगलात पळतोय आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात कुणीतरी बॅटरी घेऊन उभं असल्यासारखा पांढरा डाग, तो जंगलातून हॉस्पिटलमध्ये गेला तरी बॅटरीवाला तिथेच. कस्टमर केअरला सहा फोन, मग चौथ्या दिवशी टेक्निशियन आला, सकाळी ११ वाजता, पडदे उघडे, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणे, 'साहेब, हा फॉल्ट नाही, पॅनलचं कॅरेक्टर आहे.' कॅरेक्टर! ४६ हजारांचं!!

मोशन २०० लिहिलेलं असेल तर २०० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला २०० वेळा चित्र बदलतं असंच, समजा. आमचं पॅनल ६० चं निघालं.

अरे पण खरंच, आपण भेंडीसुद्धा टोक मोडून बघतो, नारळ कानाशी वाजवतो, आणि टीव्ही घेताना एक माणूस म्हणत नाही की बाबा, तो भडक व्हिव्हिड मोड काढ, सिनेमा मोड लाव, वरचे चार लाइट बंद कर आणि मला रात्रीचा एक सीन आणि दोन ओव्हर क्रिकेट दाखव. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढं मागायला लाज वाटते, कॅशबॅक मागायला नाही वाटत. आणि शोरूमवाल्यांनो, तुम्हाला माहीत असतं सगळं, यूएसबी लॉक आहे म्हणून खोटं सांगता, तुमच्या घरी लावाल का रे हा पीस?

आता आम्ही रात्री सिनेमा बघताना हॉलच्या दोन्ही ट्यूब चालू ठेवतो. काळा जरा काळा वाटतो. अगदी शोरूमसारखा.