‘काही काम नव्हतं, सहज केला’ : एका मिरजकरांना उत्तर

नमस्कार,

जुन्या मैत्रिणीला फोन करायला आपण का कचरतो, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही ‘एक मिरजकर’ या नावाने टाकलेली प्रतिक्रिया वाचली. चांगली खरमरीत आहे. खालीच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळं टाकते. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की ही सगळी गोऱ्यांची थेरं आहेत. यातली निम्मी संशोधनं पुढे खोटी ठरतात. आपल्याकडे कट्ट्यावर चहा पिता पिता जे कळतं त्यासाठी त्यांना विद्यापीठ लागतं. आणि ज्याला गरज असेल तो करेल फोन, आपण कशाला पुढे पुढे करायचं?

निम्म्या संशोधनांचं आधी उरकते. ते तुम्ही हवेत बोललेला नाहीत. ब्रायन नोसेक आणि त्यांच्या बरोबरच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास नव्याने करून बघितले आणि २०१५ साली निकाल छापला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठळक निष्कर्ष निघाले होते, दुसऱ्यांदा ३६ टक्क्यांतच निघाले. नाचक्की झालीच. पण ही झडती बाहेरच्या कुणी घेतली नाही, त्याच घरातल्या लोकांनी घेतली आणि स्वतःच चारचौघांत सांगितली. असं किती धंद्यांत होतं, तुम्हीच सांगा. म्हणून मी एकाच अभ्यासावर भिस्त ठेवत नाही. त्या लेखातही दोन निरनिराळ्या गटांची कामं होती.

एक पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचं, २०२२ सालचं. १३ प्रयोग, ५,९०० हून जास्त माणसं. बऱ्याच दिवसांत बोलणं नाही अशा कुणाची आपण चौकशी केली, तर त्याला किती बरं वाटेल? चौकशी करणाऱ्यांनी लावलेला अंदाज कमी पडला. ज्यांची चौकशी झाली त्यांना त्याहून जास्त बरं वाटलं होतं. जितकं अनपेक्षित, तितकी ही तफावत मोठी. दुसरं काम कॅनडातल्या लारा ॲकनिन आणि इंग्लंडातल्या गिलियन सँडस्ट्रॉम यांचं, २०२४ सालचं. मित्राशी पुन्हा बोलावंसं वाटतं, त्यालाही आवडेल असं वाटतं, नंबर जवळ आहे, अशीच माणसं त्यांनी घेतली. निरोप लिहायला वेळ दिला, पाठवायलाही दिला. तरी पाठवला साधारण तिघांतल्या एकानेच. मैत्री मोजता येत नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण इथे मैत्री मोजलेलीच नाही. मोजलाय तो आपला चुकणारा अंदाज, आणि ‘सेंड’वर येऊन थबकणारं बोट.

आता कट्टा. तो मला माहीत आहे. सकाळी आमराईत चक्कर मारून आल्यावर चहाच्या गाड्याशी जमणारी मंडळी रोज बघते. गावातच शिकले, गावातच धंदा, पन्नास वर्षं तीच चार टाळकी. त्यांना खरंच कुठल्या विद्यापीठाची गरज नाही. पण त्या कट्ट्यावर बायका किती दिसतात हो?

आमच्या वर्गातल्या मुली दहावीनंतर चार-सहा वर्षांत पांगल्या. कुणी विट्याला, कुणी कराडला, कुणी थेट हुबळीला. आडनाव गेलं. काहींचं तर नावही गेलं, तांदळावर अंगठीने नवीन लिहिलं की संपलं. शाळेच्या हजेरीपटावरची ती मुलगी आज कुठल्याच मतदार यादीत नाही. फेसबुकवर शोधायची तर काय नावाने? कॅनडातल्या प्रयोगाची सुरुवातच ‘नंबर जवळ आहे’ इथून होते, आमचं घोडं त्याच्या आधीच अडतं. वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप कधीचा होता. आम्ही त्यात एकेक करून आलो, कुणाच्या भावाकडून, कुणाच्या माहेरच्या शेजारणीकडून नंबर मिळवत. आणि आल्यावर तिथे काय, तर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. म्हणून ‘आपल्याकडे हे आहेच’ असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाकडे?

‘गोऱ्यांची’ या तुमच्या शब्दात मात्र तथ्य आहे. जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी २०१० साली हेच दाखवलं. नामांकित नियतकालिकांतल्या मानसशास्त्रीय अभ्यासांत भाग घेणारी ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य, औद्योगिक देशांतली होती, आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के. तेव्हा तिकडचा निष्कर्ष सांगलीत जसाच्या तसा चिकटवू नये, हे बरोबर. पण मग तो इथे नेमका कुठे अडेल, ते तरी बघू या.

मला वाटतं, त्या ‘अनपेक्षित’पाशीच अडेल. आपल्याकडे दहा वर्षांनी अचानक फोन आला की पहिल्यांदा आनंद होत नाही, शंका येते. पॉलिसी विकतोय का? जामीन राहा म्हणणार का? पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा राहिलाय की पुतणीसाठी स्थळ बघतोय? ‘बोल, काय काम काढलंस?’ हे आपलं सर्रास पहिलं वाक्य. त्यात वाईट काही नाही, अनुभवाने आलेलं शहाणपण आहे ते. पण त्यामुळे फोन करणाऱ्याला आधी आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि नुसतं बोलावंसं वाटलं हे कुणाला पटत नाही.

दुसरी अडचण तुम्हीच लिहून दाखवली आहे, ‘ज्याला गरज असेल तो करेल’. यात मान आहे. मी फोन केला म्हणजे मी खाली आले. गंमत अशी की पलीकडचाही याच हिशेबाने बसलेला असतो. आपण गप्प आहोत तो आपला भिडस्तपणा, आणि तो गप्प आहे तो त्याचा शिष्टपणा, असं दोन्ही घरांत एकाच वेळी चाललेलं असतं.

ऑगस्ट २०१९ आठवतो ना? महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. विश्रामबागेत आमच्या घराला धोका नव्हता, पण फोन थांबत नव्हते. हरभट रोडला दुकान असलेला आमच्या वर्गातला एकजण आणि माझे यजमान, यांच्यात एका लग्नातल्या मानपानावरून बोलणं बंद होतं. यांनी नंबर लावला आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम विचारलं, “पाणी कुठवर?” तो म्हणाला, “तिसऱ्या फळीला लागलंय. वरचा माल तेवढा काढला.” संध्याकाळी त्याची आई आमच्याकडे राहायला आली. लग्नाचा विषय कुणीही काढला नाही. त्या आठवड्यात सांगलीत असे किती अबोले सुटले असतील! पाण्याने सगळ्यांना कारण दिलं होतं, कुणाचाच मान जात नव्हता. मग पाणी उतरलं, गाळ काढून झाला, आणि पुष्कळ ठिकाणी फोनही बंद पडले. हरभट रोडचा आता दिवाळीला येतो, तेवढं टिकलं.

म्हणून ‘गरज’ या तुमच्या कसोटीवर माझा विश्वास नाही. गरज लागली की आपण बोलतोच, त्यात आपण कुणाला हार जाणार नाही. बिनगरजेचं बोलणं आपल्याला जमत नाही.

त्यावरचा एक उपाय ॲकनिन-सँडस्ट्रॉम यांच्या कामात आहे, आणि तो इथेही चालण्यासारखा वाटतो. त्यांनी काही जणांना आधी तीन मिनिटं सध्याच्याच मित्रांना निरोप पाठवायला लावले आणि मग जुन्या मित्राकडे वळवलं. निरोप पाठवणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेलं. उपदेशाने जे झालं नाही, ते हात मोकळा झाल्यावर झालं.

आणि ‘तुम्ही स्वतः केलात का फोन?’ असंही तुम्ही विचारलंय. केला. आधी बहिणीशी अघळपघळ बोलून घेतलं आणि त्याच झपाट्यात कराडच्या मैत्रिणीचा नंबर लावला. तिचा पहिला प्रश्न, “काय झालं? कोण गेलं?” कुणी गेलं नाही, काही काम नाही, सहज केला, हे दोनदा सांगितल्यावर तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग गणिताच्या बाई, तिची गुडघेदुखी, सुनेची नोकरी असं बरंच झालं. मध्येच ती म्हणाली, “थांब गं, भाजी लागतेय खाली, मी करते तुला.” तिने अजून केलेला नाही. तुमच्या नियमाने आता पाळी तिची. पण येत्या रविवारी मीच करणार आहे. दुपारी तीननंतर ती मोकळी असते, हे तेवढं बोलण्यात कळलंय.