इन्व्हर्टर तापला, बाबा त्याहून जास्त

सासरे अकोल्याचे आणि त्यातून वीज मंडळातून रिटायर, त्यामुळे अमेरिकेत ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटी या गावी पोचल्यावर बाहेरचं तापमान ४७ दिसायला लागलं तेव्हा अख्ख्या मोटारहोममध्ये (म्हणजे आमच्या चाकांवरच्या घरात) खूश तेवढे तेच. "एवढंच ना? आमच्याकडे मे महिन्यात..." सुरूच. मी म्हटलं, बाबा, याच गावात २९ जून १९९४ ला १२८ फॅरनहाइट म्हणजे ५३ च्या वर गेलं होतं, ॲरिझोनाचा रेकॉर्ड आहे तो. दोन मिनिटं शांतता आणि मग, "हो, पण ते कोरडं ऊन." जसं काही अकोल्याला समुद्रकिनारा आहे.

तर आमचा इन्व्हर्टर २००० वॉटचा, मागच्या पलंगाखालच्या कप्प्यात. बॅटरीचं १२ व्होल्ट डीसी घेऊन १२० व्होल्ट एसी करायचं, त्यावर घरच्यासारखा मोठा फ्रिज चालतो, आणि फ्रिजमध्ये आईंनी विरजण लावून केलेलं दही आणि डब्यातल्या पल्पचा का होईना पण आमरस. त्यामुळे ऐन जेवणाच्या वेळी मायक्रोवेव्ह लावल्यावर टीं टीं टीं करत लाल दिवा लागला आणि फ्रिजसकट सगळं बंद पडलं, तेव्हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा राहिलाच नाही.

नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला. मग दुसरा. त्यातून एवढंच कळलं की बऱ्याचशा इन्व्हर्टरची ताकद ४० डिग्रीच्या वर कमी व्हायला लागते आणि आतला सेन्सर स्वतःच बंद करतो, म्हणजे तो बिघडला नव्हता, चिडला होता. आईंनी तोवर पंचा ओला करून आणला, "ताप आलाय तर पट्टी ठेवू या." बाबा ओरडले, "अगं करंट आहे तो!" आणि मग स्वतः पुढे सरसावले.

कप्पा उघडला तर आत भट्टी. इन्व्हर्टरच्या पंख्याला चिकटून गोधडी, पापडांचा डबा आणि भाजणीची पिशवी. हवा येणार कुठून? सामान बाहेर काढलं, जाळीवरचं धुळीचं अस्तर ब्रशने झाडलं, तासभर थांबून परत चालू केला. फ्रिज चालला, मायक्रोवेव्ह लावला, काही मिनिटांत परत टीं टीं. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

माझ्याकडे तव्याचं तापमान बघायची ती बंदुकीसारखी इन्फ्रारेड वस्तू आहे, डोशासाठी घेतलेली, सगळे हसले होते तेव्हा. मायक्रोवेव्ह चालू असताना ती फिरवली. बॉडी ६८. लाल केबलचं टोक ६१. काळ्या केबलचं टोक १०९! "लूज कॉन्टॅक्ट," बाबा असे म्हणाले की जणू लॉटरी लागली. मग लेक्चर, की १५०० वॉटला घरी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर, इथे १२ व्होल्टवर सव्वाशेच्या वर, आणि जोड ढिला असेल तर उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत, शिवाय व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. नवरा इंजिनिअर आहे, पण तो अशी मान डोलावत होता की मला वाटलं फी भरून बसलाय.

बॅटरीचा मेन स्विच बंद केला. बाबांनी घड्याळ काढलं, साबण लावून अंगठी काढली (बॅटरीच्या टर्मिनलजवळ धातू घालून हात घालायचा नाही, हा त्यांचा धर्म), लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) काढून दाखवली तर कडेला निळसर-काळी पडलेली आणि वायसर करपलेला. घासून चकचकीत केली, नवीन वायसर, पाना लावून दोन पिळे. परत गन लावली, ५८.

तरी दुपारच्या ४७ मध्ये कप्प्याचं दार उघडं ठेवून, समोर छोटा यूएसबी पंखा लावूनही मायक्रोवेव्ह जरा जास्त वेळ चालला की टीं होतंच, त्याला कोण काय करणार. म्हणून बाबांनी फ्रिजच्या दारावर भारनियमनाचं वेळापत्रक चिकटवलंय. मिक्सर सकाळी सातच्या आत, मायक्रोवेव्ह रात्री नवानंतर, हेअर ड्रायर कायमचा बाद, खाली सही आणि तारीख. आईंनी विचारलं, "आणि तुमची चहाची इलेक्ट्रिक किटली?" तर म्हणे ती अत्यावश्यक सेवा.