व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील!

वयाची अट असलेल्या ठिकाणी दारावर ओळखपत्र तपासायलाच हवे, याबद्दल माझी तक्रार नाही. संताप आहे तो तपासणीच्या नावाखाली चालणाऱ्या मनमानीचा, आणि त्याहून अधिक, तिच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीची जी वासलात लावली जाते तिचा.

गेल्या महिन्यात एका क्लबच्या दारात आम्ही चौघे उभे होतो. तिघांची ओळखपत्रे रक्षकाने पाहिल्यासारखे करून परत दिली आणि आमच्यात ज्याचा वर्ण वेगळा, नाव वेगळे, नेमका त्याचाच पासपोर्ट टॉर्चखाली धरून फोटोची कड नखाने खरवडायला सुरुवात केली. आधी म्हणाला, फोटो जुळत नाही. दुसरे ओळखपत्र दाखवल्यावर पासपोर्टच बनावट वाटू लागला. मॅनेजरला बोलवा म्हटल्यावर आत खासगी कार्यक्रम असल्याचे कळले. तीन मिनिटांत तीन कारणे, आणि तेवढ्यात आमच्या मागचे जोडपे दारातच तिकीट काढून त्या ‘खासगी’ कार्यक्रमाला गेलेसुद्धा!

पासपोर्टचा खरेखोटेपणा ठरवणे हे नखाचे काम नव्हे. फोटोच्या पानाच्या तळाशी प्रत्येकी 44 चिन्हांच्या दोन ओळी असतात आणि त्यांतले पडताळणीचे अंक पासपोर्टच्या क्रमांकाशी आणि जन्मतारखेशी जुळावे लागतात. स्कॅनर हे क्षणात सांगतो, आणि तो शेजारच्या टेबलावर नुसता पडून होता. चेहऱ्याचे म्हणाल, तर अनोळखी माणूस फोटोशी जुळवताना पासपोर्ट अधिकारीसुद्धा चुकतात हे प्रयोगांतून दिसलेले आहे, आणि सवय नसलेल्या वंशाच्या चेहऱ्यांबाबत तर माणसे अधिकच चुकतात. म्हणूनच शंका आली तर दुसऱ्याने पुन्हा पाहावे आणि प्रवेश नाकारला तर कारण व वेळ वहीत लिहावी. एवढेही जमत नसेल तर टॉर्च कशाला हवा?

दुसऱ्याच दिवशी वेळ आणि रक्षकाच्या बिल्ल्याचा क्रमांक देऊन लेखी तक्रार केली. सीसीटीव्हीचे चित्रीकरण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवा असेही स्पष्ट लिहिले. पाच आठवड्यांनी चार ओळींचे उत्तर आले: चित्रीकरण उपलब्ध नाही, कर्मचाऱ्याने आरोप नाकारला आहे, प्रवेशाचा अधिकार राखीव आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खाली सही त्याच मॅनेजरची, जो त्या रात्री बोलावूनही दाराशी फिरकला नव्हता. आम्ही तिघे साक्षीदार होतो, पण आम्हाला कोणी एक शब्दही विचारला नाही. आणि ‘राखीव अधिकार’ म्हणजे वंश पाहून माणसाला हाकलण्याचा परवाना नव्हे, हे कित्येक देशांच्या कायद्यांत स्वच्छ लिहिलेले असताना तो फलक मात्र प्रत्येक दारावर मिरवतो.

गैरसोय म्हणे! छत्री विसरली आणि भिजलो, ही गैरसोय झाली. भरल्या रांगेसमोर एखाद्याला खोटारडा ठरवणे याला दुसरा शब्द आहे, आणि तो त्या उत्तरात कुठेही नाही.

मित्राच्या पासपोर्टवर फोटोच्या कडेला नखाचा ओरखडा उमटला आहे. पुढच्या दारावर आता तोच छेडछाडीचा पुरावा ठरायचा.