शाळेच्या समितीत आईची सही असते, मग आवाज का नसतो?

"लोकांमध्ये जागरूकताच नाही" हे ट्रेनमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सगळीकडे ऐकायला मिळतं आणि मला खरंच राग येतो. जागरूकता काय जन्मतः घेऊन येतं का कोणी? आपण कोण, कोणाला काय विचारायचा आपल्याला हक्क आहे, हे माणूस शाळेत शिकतो आणि सरकारी ऑफिसच्या खिडकीवर त्याला कसं वागवतात त्यावरून शिकतो.

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदाच घ्या. १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षण मोफत हे बहुतेकांना माहितीय, खाजगी शाळांत गरीब आणि वंचित घरच्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांच्या फॉर्मसाठी तर दरवर्षी झुंबड उडते. पण त्यातलं कलम २१ किती जणांनी ऐकलंय? सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती पाहिजे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका. सरकारी शाळेत तिने शाळेचं काम बघायचं, अनुदान कुठे गेलं ते बघायचं, विकास आराखडा बनवायचा; अनुदानित शाळेत मात्र फक्त सल्ला द्यायचा. म्हणजे चार घरची धुणीभांडी करणारी बाई सरकारी शाळेच्या खर्चाचा हिशोब कायद्याने मागू शकते. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

आणि प्रत्यक्षात? आमच्या शेजारच्या ताईंची मुलगी मुन्सिपाल्टीच्या शाळेत सहावीला आहे, ताई समितीवर आहेत. मीटिंग सकाळी अकराला, तेव्हा त्या कामावर, मग रजिस्टर मुलीबरोबर घरी येतं आणि त्या सही करतात. कसली सही विचारलं तर म्हणाल्या, "शाळेची आहे, मॅडमनी सांगितलं इथे करा." एका संध्याकाळी बसून आम्ही ते कलम मराठीत वाचलं. पुढच्या मीटिंगला ताई खाडा करून गेल्या आणि विचारलं, मधल्या सुट्टीनंतर मुलींच्या संडासात पाणी का नसतं? मोठ्या बाई चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या समितीचा ठराव द्या, मला वॉर्डात पाठपुरावा करायला बरं पडेल. पाणी काही लगेच आलं नाही, पण मुलगी अख्ख्या चाळीत सांगत होती, माझी मम्मी मीटिंगमध्ये बोलली! त्या पोरीला नागरिकशास्त्राचा जो धडा मिळाला तो पुस्तकातून मिळाला नसता.

जोतीराव फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे हाच हिशोब मांडला होता ना, की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि सरकारचा शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या पोरांवर, म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. पैसा कोणाचा आणि शिकतंय कोण, हे विचारता येणं हीच स्वतःची ओळख. फेब्रुवारी २०२४ ला आपल्या राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली, तेव्हा हक्क माहीत असलेले पालक कोर्टात गेले आणि जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. माहीत नसतं तर गुपचूप फी भरली असती नाहीतर पोराचं नाव दुसरीकडे घातलं असतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. समितीची मीटिंग रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवा, खर्चाचा कागद मराठीत, आणि ज्या माध्यमाची शाळा त्या भाषेतही, गेटवर लावा, नवीन सभासदांना एक दिवस नीट ट्रेनिंग द्या आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी पण द्या. आणि ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत त्यांनी उद्याच विचारा, आमच्या समितीवर कोण कोण आहे आणि मागच्या मीटिंगचं इतिवृत्त कुठेय?