मोरीत ॲसिड ओतण्याबद्दल आलेल्या कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं, की बाथरूमची मोरी तुंबली की दुकानातून ॲसिडची बाटली आणायची, ओतायची, पाच मिनिटांत काम, आणि मी उगाच लोकांना वायर घालून घाणीतले केस ओढायला लावतोय. घाण वाटते हे मान्यच, हातमोजे घाला ना. पण ॲसिडचं मला अजिबात पटत नाही.

मोरीत अडकतं काय तर केस, आणि त्यांना धरून बसलेलं खोबरेल तेल नि साबणाचा गाळ. केस त्या ॲसिडला दाद देत नाहीत हो, ते खातं टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट. केस विरघळवते ती कॉस्टिक सोड्याची पावडर, तीही हळूहळू, आणि पाणी मिळताच इतकी तापते की पीव्हीसी पाइप मऊ पडू शकतो, पाणी कमी पडलं तर आतच दगड होऊन बसते. आणि आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल नि त्यावर तुम्ही ॲसिड ओतलंत तर क्लोरीन वायू सुटतो, दार लावलेल्या एवढ्याशा बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

एवढं करूनही पाणी उतरलं नाही तर? प्लंबर येणार, आणि तो त्याच पाण्यात हात घालणार. त्याला आधी सांगायचं कोणाच्या लक्षात राहतं? मला सगळ्यात जास्त हेच खटकतं.

त्यापेक्षा जाळी काढा, आत उलटी वाटी असेल तर उचला, तारेला आकडा करून किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती काटेरी प्लॅस्टिकची पट्टी घालून गुंता वर ओढा, मग भांड्यांचा साबण घालून गरम पाणी सोडा, उकळतं नको. वाटी परत बसवायला विसरू नका, तिच्याभोवती साचलेलं पाणीच वास नि झुरळं अडवतं.

आणि आपल्या गोव्याचं वेगळं आहे. पूर्वी न्हाणीचं पाणी सरळ माडाच्या आळ्यात जायचं, आता गावागावांत ते सेप्टिक टँक नाहीतर सोक पिटात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जातं, आणि चार पावलांवर विहीर. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीतून पाणी झिरपतं, मग ओतलेलं जाणार कुठे? शिवाय टँकमधले जीवाणू मेले तर मैला कुजत नाही, टँक लवकर भरतो.

जुलै-ऑगस्टात जमीनच पाण्याने भरलेली असते, सोक पिट पाणी घेत नाही, त्यात चतुर्थीला घर माणसांनी भरलेलं. तेव्हा सगळ्या मोऱ्या एकदम सुस्तावल्या, कमोडमध्ये गुडगुड आवाज आला, तर वायरही नको नि ॲसिडही नको, टँक आणि पिट बघून घ्या. तुमच्याकडे एकच मोरी तुंबते की सगळ्या, ते कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.