खुलासा: ‘निम्म्या पोरांनी कॉलेज सोडलं’ हा मेसेज चुकीचा आहे

सोलापुरात फिरणाऱ्या मेसेजमध्ये यंदाच्या प्रथम वर्षाच्या पटातून यंदाच्याच तृतीय वर्षाचा पट वजा करून उरलेल्यांना ‘गळती’ म्हटलंय. पण या दोन वेगळ्या बॅचेस आहेत. वजाबाकी लागूच होत नाही.

टिकाव, म्हणजे किती विद्यार्थी शिकत राहिले, हे मोजताना एकच बॅच धरतात. समजा, प्रथम वर्षाला नव्याने 120 आले आणि त्यांच्यातलेच 96 पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात दिसले, तर दर 80 टक्के. नुसता पट नको, पीआरएन (प्रत्येक विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) जुळवा. इंजिनिअरिंगला डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले यात धरले की आकडा उगाच फुगतो. एटीकेटीवाले (काही विषय राहूनही पुढे गेलेले) पुढच्या वर्गात असतात, त्यांना वगळू नका. नापास होऊन त्याच वर्षाला पुन्हा प्रवेश घेतलेलेही टिकलेलेच. कॉलेज बदललेल्यांची नोंद मात्र वेगळी हवी: कॉलेजपुरते ते गेले, शिक्षणातून नाही.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.