‘तरंगतो ना? मग झालं!’ : ऐरोलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ऐरोलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल सकाळी पुन्हा वाचली. रागाने लिहिली आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हवा भरायच्या पॅडल बोर्डवरच्या, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवरच्या लेखात मी ६ इंच जाडीचा आणि १५ पीएसआय दाब पेलणारा बोर्डच घ्या असं लिहिलं होतं. ऐरोलीकरांचं म्हणणं असं: ‘माझं वजन ९२ किलो. बारा हजारांचा ४ इंची बोर्ड मला मजेत तरंगवतो, मग पस्तीस हजार कशाला घालवू? ताई, तुम्ही नवख्या माणसाला उगाच घाबरवता. पायाला लीश बांधा असं सरसकट लिहिलंत, ते खाडीत करून बघा. आणि खाडी दारात असताना नागावच्या गोष्टी कशाला?’

लीशचा, म्हणजे बोर्ड आपल्यापासून सुटून जाऊ नये म्हणून अंगाला बांधायच्या दोरीचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. साचलेल्या पाण्यात किंवा मोकळ्या समुद्रात घोट्याला बांधलेली गुंडाळीची लीश चालते. पाणी वाहतं असेल आणि मध्ये जाळी बांधायचे खांब, जेट्टीचे पाय, तिवरांच्या फांद्या असतील तर तीच लीश गळफासासारखी होते. बोर्ड खांबाच्या एका बाजूने जातो, माणूस दुसऱ्या बाजूने, आणि प्रवाहाच्या ताणात वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. अशा ठिकाणी लीश कमरेच्या पट्ट्याला हवी, एका हिसक्यात सुटणारी, आणि ती सोडायची मूठ पुढे, हाताशी. मूळ लेखात आजच दुरुस्ती केली आहे. हे लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

आता जाडीचं. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

बोर्ड तरंगतो हे तुम्ही म्हणता ते खरंच आहे. १० फूट लांब, ३० इंच रुंद, ४ इंची बोर्डात साधारण १८५ लिटर हवा मावते, म्हणजे ९२ किलोचा माणूस बुडायचा प्रश्नच नाही. पण तरंगायचं काम तर ट्रकच्या टायरची ट्यूबही करते. बोर्ड घेताना आपण पैसे मोजतो ते ताठपणाचे. आतमध्ये वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी एकमेकांना शिवलेला असतो. दाब वाढला की ते धागे ताणले जातात आणि पिशवीची फळी होते. कापड तेच असेल तर ४ चे ६ इंच केल्यावर ताठपणा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. दाबाचं काम थोडं वेगळं आहे. किती वजनाला वरच्या कापडाला सुरकुती पडून बोर्ड मधोमध मोडेल, ते दाब ठरवतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझा पहिला बोर्डही ४ इंचीच होता. फेब्रुवारीतली सकाळ, अलिबागजवळच्या नागावचा किनारा, पाणी आरशासारखं. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. काठालगत तो जाणवत नाही, लाटा उठत नाहीत, म्हणून पाणी फार गरीब वाटतं. शंभर-दीडशे मीटर आत गेले आणि परत फिरले तेव्हा कळलं. सैल नवारीच्या खाटेवर उभं राहावं तसा बोर्ड मध्ये दबला होता, पावलांभोवती घोट्यापर्यंत पाणी, आणि पुढचं टोक वर उचललेलं. त्या वर आलेल्या टोकाला वारा धरून ठेवत होता. मी वल्हं ओढलं की आधी बोर्ड वाकायचा, मग सरळ व्हायचा, मग जेमतेम हात-दोन हात पुढे जायचा. तेवढ्यात वाऱ्याने तितकंच मागे नेलेलं असायचं. काठावर लाल बादली घेऊन उभी असलेली माझी भाची लहान लहान होत गेली. शेवटी गुडघ्यांवर बसले, वाऱ्याला अडणारं अंग कमी झालं तेव्हा कुठे बोर्ड जागचा हलला. परतणाऱ्या एका होडीच्या तांडेलकाकांनी दोर टाकला आणि काठाशी आणून सोडलं. त्यांनी एकच विचारलं, ‘वारा कुठला हाय ते बगितलंस का?’ मी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी माझा बोर्ड बुडाला नाही, फुटला नाही, माझं वजनही नीट पेललं. तो फक्त मला घरी आणू शकला नाही. माझं वजन तुमच्यापेक्षा बरंच कमी आहे, म्हणून ९२ हा आकडा वाचून मला काळजी वाटली.

नवा बोर्ड घेतल्यावर पार्किंगमध्ये दोन्ही बोर्ड आळीपाळीने दोन स्टुलांवर आडवे टाकले आणि मधोमध भावाला बसवलं. जुना चार बोटं खाली गेला, नवा जेमतेम दीड बोट. हे तुम्हीही घरी करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणखी एक शंका आहे, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही १२ पीएसआय भरता असं लिहिलंय. हातपंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ शून्यावरून हलतच नाही, मग एकदम चढायला लागतो. ८-९ झाले की दंड भरून येतात आणि ‘कडक लागतोय की’ म्हणून बहुतेक जण थांबतात. अंगठ्याने दाबून काही कळत नाही, ८ लाही कडकच लागतो. १० नंतर पंपाची दुहेरी हवा (दांडा ओढताना आणि दाबताना, दोन्ही वेळा भरणारी) बंद करून एकेरी करा, जोर कमी लागतो. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप परवडत असेल तर जरूर घ्या, पुरा दाब भरला जाण्याची तीच खात्री. मात्र भरलेला बोर्ड उन्हात टाकून वडापाव खायला जाऊ नका. सकाळी २७ अंशांना १५ वर भरलेल्या बोर्डातली हवा वाळूवर ५५ अंशांपर्यंत तापली, तर काटा १८ च्या घरात जातो. पाण्याबाहेर काढला की सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा.

पैशांबद्दल बोलायचं तर पस्तीस हजार ही लहान रक्कम नाही, हे मलाही माहीत आहे. वापरलेला ६ इंची बोर्ड मिळाला तर नव्या ४ इंचीपेक्षा मी तोच घेईन. विकणाऱ्यासमोर पुरा दाब भरून घ्या, कडेच्या जोडांवर आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले तर घाबरू नका, बऱ्याचदा तो पान्याने आवळला की भागतं. जोडातून येत असतील तर नमस्कार करून निघा. पिशवी कशी आहे, कॅमेरा लावायची खाच आहे का, याला काही किंमत देऊ नका. खालची फिन, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणारा पंख, नेहमीच्या मापाच्या खाचेत बसणारी हवी, कारण ती हमखास हरवते.

राहिली खाडी. तुमच्या घरापासून पाणी दिसतं, मोह होणारच. पण समोरचा बराच भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, २०१५ पासून, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीतही, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आली. तिथे आपल्या मनाने बोर्ड टाकता येत नाही, आणि चिखलावर चरणारे रोहित (फ्लेमिंगो) उठवावेत असं तुम्हालाही वाटत नसणार. ऐरोलीहून वन विभागाच्या बोटी पक्षी दाखवायला नेतात, त्यासुद्धा भरतीची वेळ धरूनच सुटतात. कारण ओहोटीला पाणी जातं आणि मागे उरतो तो मांडीपर्यंत रुतवणारा गाळ. त्यातून बोर्ड ओढत चालत येऊ असं कुणी समजू नये. तिवरांची वर आलेली मुळं आणि कालवांच्या कपच्या पायांना आणि बोर्डाला सारख्याच कापतात.

अभयारण्याबाहेर परवानगी असेल तिथे जायचं असेल तर आधी कोळीवाड्यात विचारा. त्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. थोडं मागेपुढे होतं, तेव्हा छापील कोष्टकही बघाच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं, नवख्याने अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी ओढीची भरती-ओहोटी धरावी. भरती पुरी व्हायच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरायच्या आत बाहेर या. अंगात लाइफ जॅकेट, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात आणि सोबत कुणीतरी हवंच. एकट्याने नको.

नागावच्या गोष्टी मी का सांगते, तर तिथे पायाखाली वाळू आहे आणि हाकेच्या अंतरावर माणसं असतात. शिकायला मला तेच बरं वाटतं.

तुमचा बोर्ड फेकून द्या असं मी म्हणत नाही. साचलेल्या पाण्यात, काठाला धरून, मुलांना घेऊन तो छान चालेल. फक्त त्यावर वाऱ्यात बाहेर पडू नका. आणि नवीन काही घ्यायच्या आधी तुमचा बोर्ड पूर्ण भरून दोन स्टुलांवर टाका, वर स्वतः बसा आणि किती बोटं खाली गेला ते इथेच लिहा. तुमचा आकडा मी लेखात माझ्या आकड्याशेजारी घालेन.